काचा आतूनच पुसणार

ताईस,
धाकटीचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे. जेवण वेळेवर मिळतं, खोलीत पंखा आहे. फोन सध्या बाईंनी काढून घेतलाय, म्हणून हे पत्र. शेजारची स्वयंपाकीण ते पोस्टात टाकेल. आईला फोन बिघडलाय म्हणून सांग.

परवा बाईंनी खिडकीच्या काचा बाहेरून पुसायला सांगितल्या. सातवा मजला, आणि उभं राहायला जेमतेम वीतभर जागा! समोरच्या इमारतीतली कामवाली अशीच पडली होती. म्हटलं, "आतून पुसते. जिवाला धोका असेल तर नाही म्हणता येतं, तसा कायदा आहे."

"मला कायदा शिकवतेस? बॅग भर!"

मी खरंच भरली गं. म्हटलं, "माझा पासपोर्ट द्या." तेवढ्यात त्यांच्या सासूबाईंनी आतून मला हाक मारली. त्यांना उठवून बसवणारं माझ्याशिवाय घरात कोणी नाही. मग बाई म्हणाल्या, "जा, त्यांना उठव."

काचा अजून मळक्याच आहेत, पण पासपोर्टही बाईंच्याच कपाटात आहे. रविवारी स्वयंपाकीण मला कामगार कचेरीत नेणार आहे, तिथून तुला फोन करीन. बाई बाहेर सोडतील का, कोण जाणे.

माझी पोर शाळेत जाताना रडते का गं? वेणी घट्ट घालू नकोस, तिचं डोकं दुखतं.

पत्र मिळून आठवडा झाला तरी माझा फोन आला नाही, तर मात्र आईला सगळं सांग. मला इकडे पाठवणाऱ्या एजंटच्या दारात दोघी जाऊन बसा, आणि माझा आवाज ऐकल्याशिवाय उठू नका.

तुझीच,
धाकटी