लंगडण्याचं बक्षीस

प्रिय नटवे,

तुझा बक्षीस समारंभ टीव्हीवर बघितला. हातात ती पितळी बाहुली, अंगात पाठ नसलेलं पोलकं आणि डोळ्यांत पाणी. पाणी खरं की बाटलीतलं, यावरून माझं आणि माझ्या सुनेचं चांगलंच वाजलं. माझी सून म्हणजे तुझी आई. मी सांगतेय आणि तीच लिहितेय. मधेच पेन थांबवते, म्हणते, अहो आई, असं नका सांगू, पोरीला लागेल. मी म्हटलं, लागू दे. इतकी वर्षं जी उंबऱ्याशी फिरकली नाही, तिला कागद काय लागणार!

तुझी सगळी कारकीर्द मी बघितली आहे, फुकटात आणि तिकीट काढूनही. आधी तू मॉडेल. फ्रिजच्या दाराला गाल लावून अशी लाडात हसायचीस, की वाटायचं याच्याशीच लग्न लावून द्यावं, निदान डोक्यानं थंड नवरा मिळेल. मग चपलांच्या जाहिरातीत तुझे नुसतेच पाय दिसले, तरी शेजारणींना मी सांगत सुटले, हे आमचे पाय. मग सिनेमा. पहिल्यात तू पळत होतीस, दुसऱ्यात भिजत होतीस, तिसऱ्यात मध्यंतराच्या आतच मेलीस आणि तो पोट आत ओढून चालणारा हिरो तुझ्या प्रेताशी बसून गाणं म्हणत राहिला. तुझी पापणी हलली. मला दिसली, दिग्दर्शकाला नाही. पुढे तू चाळिशीला टेकलीस, तेव्हा त्याच हिरोची आई व्हायला बोलावलं तुला. तुझ्याहून थोराड तो मेला, केसांना काळं फासून पोरगा होणार आणि तू त्याला जन्म देणार! तू तोंडावर नाही म्हणालीस. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं. तेव्हा कळवलं नाही, आता कळवते.

त्याऐवजी तू ऐंशीच्या म्हातारीचं काम घेतलंस. रबराच्या सुरकुत्या चिकटवायला म्हणे अर्धा दिवस बसायचीस. आणि म्हातारी चालते कशी, उठते कशी, हे बघायला स्वतः आली नाहीस, कॅमेरा देऊन माणसं धाडलीस. एक पोनीटेलवाला आणि एक गुडघ्यावर फाटकी पँट घातलेली मुलगी. चपला न काढता आत आले, माझी खाट भिंतीपासून ओढली, खिडकीचा पडदा काढून टेबलावर टाकला. पोनीटेलवाला म्हणाला, आजी, एकदम नॅचरल. म्हणजे काय गं, म्हणून सुनेला विचारलं, ती म्हणाली, रोजच्यासारखं. मग मी रोजच्यासारखी उठले, तरातरा स्वयंपाकघरात गेले आणि त्यांच्यासाठी चहा ठेवला. पोराचा चेहरा पडला. म्हणाला, आजी, जरा हळू. जरा वाकून. म्हातारीसारखं करा ना! म्हणजे ऐंशी वर्षं काढून मी म्हातारी व्हायला कमीच पडले. बरं म्हटलं, घे बाबा. डावा पाय ओढला, मान एकीकडे टाकली, दर चार पावलांवर थांबून भिंत हुंगल्यासारखं केलं. मुलगी रडायलाच लागली. तुझी आई तोंडात पदर कोंबून मोरीत पळाली, कारण ती चाल कुणाची, हे तिनं ओळखलं होतं. खालच्या घरमालकाचा तो लंगडा कुत्रा आठवतो तुला? त्याची.

आणि तू ती पडद्यावर जशीच्या तशी उतरवलीस, हुंगण्यासकट. पेपरवाल्यानं लिहिलं, म्हातारपणाचं काळीज हिला सापडलं. कुत्रा मेला बिचारा, नाहीतर त्याला वाचून दाखवलं असतं. इथवर मी हसत होते. पण बाहुली हातात घेऊन तू म्हणालीस, या भूमिकेसाठी मी महिनाभर माझ्या आजीजवळ राहिले. तेव्हा तुझ्या आईनं टीव्ही बंद केला, आणि आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता जेवलो.

आता परवा पोनीटेलवाल्याचा फोन आला. पुढच्या सिनेमात तुझी म्हातारी अंथरुणाला खिळून हळूहळू मरते म्हणे. आजी, तुम्ही नुसतं पडून राहायचं, आम्ही कोपऱ्यात असू, तुम्हाला कळणारही नाही. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण मी पडलेलीच आहे. डॉक्टर बाहेर तुझ्या आईशी कुजबुजला. त्याला वाटलं, मला ऐकू येत नाही. पुढचा हंगाम मी बघणार नाही, असं त्याचं म्हणणं. हे लिहिताना तुझ्या आईचं पेन पुन्हा थांबलंय, मी दटावलंय तिला. पोनीटेलवाल्याला मी नाही म्हणून सांगितलं. हे सोंग मला येत नाही, आधी कधी केलेलं नाही आणि पुन्हा करून दाखवता येणार नाही. तुला बघायचं असेल तर तू ये. एकटी ये, लवकर ये, तोंड धुऊन ये. माझ्या उशाशी बस, हवं तेवढं बघ. आणि बघून झालं की कुणाला करून दाखवू नकोस.

तुझीच,
आजी