कामगारांचा प्रतिनिधी, शेठच्या पसंतीचा

३ नोव्हेंबर, सकाळी
हर्षदशेठनी केबिनमध्ये बोलावले. आपला काजूगर घेणाऱ्या परदेशी कंपनीला कारखान्यात कामगारांची कमिटी हवी आहे, तिला अध्यक्ष हवा आहे. मी म्हटले, निवडणूक? शेठ म्हणाले, रघूभाऊ, तुमच्यापुढे उभं कोण राहणार? हेही खरेच. बिनविरोध झालो. कार्ड लॅमिनेट करून मिळाले.

मी सुपरवायझरही आहे. म्हणजे माझ्याविरुद्ध तक्रार असली तर ती थेट माझ्याकडेच येईल. वेळ वाचेल.

पहिले काम ठरवले: हातमोजे. बी फोडताना टरफलाचा चीक लागून यमुनाबाईंचे दोन्ही तळवे उतले आहेत, कातडी सोलली आहे. राख लावून काम करतात. त्यांच्या शेजारी बी फोडणारी सखू म्हणाली, भाऊ, अध्यक्ष झालाव तर हातमोज्यांचं तेवढं बघा, म्हातारीचे हात जातील. मी म्हटले, आजच बोलतो.

संध्याकाळी
शेठ फोनवर होते. फोनवरच्या माणसाला मध्येच बोलू नये. उद्या.

५ नोव्हेंबर
गेलो. विषय एकदम काढणे बरे दिसत नाही, म्हणून सुरुवात केली की हात ही देवाची देणगी आहे. शेठ म्हणाले, अगदी खरं, आणि चहा मागवला. चहा चांगला होता. त्यानंतर विषय राहिला.

बाहेर सगळ्या जणी बघत होत्या. मी सांगितले, चर्चा सकारात्मक झाली. सखूने विचारले, मंग कंदी मिळणार? मी म्हटले, अगं, पहिली फेरी होती. ती म्हणाली, फेरी काय, आमची तर वरात निघायची वेळ आली.

बायकांना धीर नसतो.

८ नोव्हेंबर
मन लागत नाही. जपात मणी चुकतात. गावी देवळात जाऊन मूर्तीला पाकळ्या चिकटवून कौल लावला. शेठना हातमोज्यांचे स्पष्ट सांगू का? उजवी पाकळी पडली, म्हणजे सांग. पण दार उघडे होते, वारा असू शकतो. दार लावून पुन्हा विचारले. पुन्हा उजवी. तिसऱ्यांदा म्हटल्यावर गुरव म्हणाले, भाऊ, देवाला दुसरी पण माणसं हायत.

देवाने सांग म्हटले आहे. कधी, ते म्हटलेले नाही.

१२ नोव्हेंबर
यमुनाबाईंना घास उचलवत नाही. सून भरवते. तरी कामावर येतात. मी म्हटले, चार दिवस घरी बसा. त्या म्हणाल्या, भाऊ, बसल्याचं कोण देतंय? मजुरी किलोवर आहे. माझ्या घरचे खोबरेल त्यांना दिले. कमिटीचे पहिले काम झाले म्हणायला हरकत नाही.

शेठकडे जाणार होतो. त्यांचे डोके दुखत होते.

१४ नोव्हेंबर
हातमोजे आले! न मागता. माणूस मुळात चांगला, उगाच घाबरत होतो.

अठरा तारखेला परदेशी कंपनीतर्फे मुंबईच्या एक मॅडम ऑडिटला येणार आहेत. हातमोजे त्या दिवशी घालायचे, संध्याकाळी खोक्यात परत. रोज घातले तर काम मंदावते, असे शेठ म्हणाले. यमुनाबाईंनी त्या दिवशी यायचे नाही. मी कामगारांच्या वतीने आभार मानले.

१७ नोव्हेंबर
काल उत्तरांची तालीम घेतली. मॅडमनी विचारले तर सांगायचे, हातमोजे रोज मिळतात. सखू म्हणाली, रोज म्हंजे कुठला वार? सगळ्या खिदळल्या. मी समजावले की त्या दिवसापुरते ते खोटे नाही. हे मला पटले. रात्री झोप मात्र आली नाही, बहुतेक पित्त.

एक उत्तम कल्पना सुचली. सुरुवातीला गाऱ्हाणे घालायचे. गावात देवापुढे मीच घालतो, माझ्यासारखा आवाज पंचक्रोशीत नाही म्हणतात. मी एकेक वाक्य बोलायचे, सगळ्यांनी एका सुरात होय म्हाराजा म्हणायचे. मॅडमना उत्तरे आपोआप मिळतील, बायकाही घाबरणार नाहीत. शेठ म्हणाले, कल्चर आहे, परदेशी लोकांना आवडतं.

१८ नोव्हेंबर, सकाळी
आंघोळ, पूजा. नारळ घेतला. आज काही चुकणे शक्य नाही.

दुपारी
लिहितो, म्हणजे डोके शांत होईल.

नारळ हातात धरून सुरुवात केली. बा देवा म्हाराजा, आज तुझ्या दारी पाहुणी आली हाय, तिचा मान राख रे म्हाराजा. होय म्हाराजा! पत्रा दणाणला. मॅडम खूश. मग म्हटले, तुझ्या लेकींना हितं रोज हातमोजे मिळतायत रे म्हाराजा.

कोणी काही बोलेना.

ऐकू गेले नसेल म्हणून पुन्हा मोठ्याने म्हटले. बॉयलर तेवढा फुसफुसला. शेठ एकटे होय म्हणाले, तेही म्हाराजा न लावता. मॅडमनी विचारले, आता का नाही म्हणत? सखू म्हणाली, मॅडम, तुमी इच्यारा, शिकवलेलं समदं सांगू. नारळापुढं नाय जमायचं.

तेवढ्यात दारात यमुनाबाई. मी म्हटले, तुम्ही कशाला आलात? म्हणाल्या, भाऊचं गाऱ्हाणं आणि मी घरात बसू? नमस्कार करायला गेल्या. तळवे जुळेनात. मनगटे जोडली.

माझ्या तोंडून निघाले, मिळत नसतील तर मिळू देत रे म्हाराजा. असा होकार मी देवळातसुद्धा ऐकलेला नाही.

हे मी आधीच योजले होते, असे आता वाटते.

२२ नोव्हेंबर
शेठ बोलत नाहीत. मॅडमचा आदेश: हातमोजे रोज. यमुनाबाईंना औषध आणि बरे होईपर्यंत भरपगारी रजा. नाहीतर ऑर्डर बंद. आणि कमिटी कामगारांनी निवडायची. काळजी नाही. इतके करून दिल्यावर बायका दुसऱ्या कोणाला निवडतील?

२५ नोव्हेंबर
हात वर करून मतदान झाले. सखू. सुपरवायझरला उभे राहता येत नाही, हे मला तिथेच कळले. त्यामुळे हरलो असे म्हणता येणार नाही.

कार्ड परत केले.

२८ नोव्हेंबर
नव्या कमिटीची बैठक. सखू उभ्या उभ्या बोलली आणि शेठ हो म्हणाले. दोन ठराव. एक, हातमोजे फाटले की त्याच दिवशी नवे. दोन, रोज संध्याकाळी हातमोजे धुऊन वाळत घालायचे काम सुपरवायझरचे. एकमताने.

सगळे धुतले. उलटे करून दोरीवर घातले. एक डावा सापडत नाही. अध्यक्षांना सांगायला हवे. पण त्या एसटी पकडायच्या घाईत होत्या, मध्येच थांबवणे बरे दिसले नाही.

उद्या सांगतो.