रस्त्याचा पडदा

दोर माझ्या हातातून सुटून वर धावतो आहे, आबा, आणि रस्ता रंगवलेला पडदा उलगडत खाली येतो आहे. त्याच्या तळाला शिवलेला बांबू थेट राजाच्या मुकुटाच्या रोखाने निघाला आहे. राजा म्हणजे आपल्या कंपनीचे गायकनट. पद संपलं, वन्समोअरचा गजर झाला आणि ते मान लववायला दोन पावलं पुढे आले, नेमके बांबूखाली. तुम्ही माझ्या उजव्या हाताला उभे आहात. ओरडत नाही. नुसता हात पुढे करता आणि पळता दोर मुठीत धरता. बांबू मुकुटाच्या वर वीतभर अंतरावर थांबतो. करपलेल्या काथ्याचा वास येतो. सांगलीतला रविवारचा दुपारचा खेळ, नाट्यगृह भरलेलं, आणि बायकांच्या बाजूला इतका वेळ रडणारं एक मूलही गप्प झालेलं.

मी साताऱ्याच्या शाळेतली नोकरी सोडून, स्वतः लिहिलेल्या नाटकाची वही घेऊन कंपनीत आलो होतो. मालकांनी वही पेटीत ठेवली. म्हणाले, "वाचू सवडीनं. तोवर आबांच्या हाताखाली पडदे ओढा." तुम्ही मला मास्तर म्हणू लागलात. पहिल्याच दिवशी खुंट्यांना बांधलेल्या नऊ दोरांसमोर मला उभं केलंत. "बी.ए. झालायसा नव्हं? मग वाचा ह्ये." दोर सगळे सारखेच दिसत होते. दुसऱ्या दिवशी मी सुंदर अक्षरात चिठ्ठ्या लिहिल्या, राजवाडा, अरण्य, रस्ता, आणि एकेका खुंटीवर चिकटवल्या. तुम्ही दोरांवरून हात फिरवत आलात आणि चिठ्ठी हाताला लागेल तशी फाडत गेलात. "आवं मास्तर, खेळ सुरू झाला की मागं दिवा नसतोय. अंधारात वाचणार हायसा?" मग माझं बोट धरून दाखवलंत. अरण्याच्या दोराला काळ्या लोकरीचा गोंडा. राजवाड्याच्या दोराला शालूच्या काठाची चिंधी. रस्त्याच्या दोराला काहीच नाही. "रस्त्याला काय सजवायचं? रस्ता उघडाच असतोय."

लोकर तुम्ही माणातून, तुमच्या गावाकडून आणलेली, तुमच्याच मेंढरांची. घरची मेंढरं पुढे विकली गेली. मुलगे मुंबईला लागले. गावाकडून पत्र आलं की मी वाचून दाखवायचो आणि तुम्ही नेहमी तेच म्हणायचात, "पाऊस न्हाई असंच लिवलं असंल, फुडं वाचा."

मला कळायला महिना लागला. साताऱ्याच्या मुक्कामात एका सकाळी फाटक्या पडद्याला ठिगळ लावायला खळ शिजवून बादलीत निवत ठेवली होती. तुम्ही चालत आलात आणि सरळ बादलीत पाय घातलात. मी हसलो. तुम्ही क्षणभर थांबलात आणि दुसराही पाय आत घातलात. "पाय लय भाजत्यात आज," म्हणालात, आणि कोपरापर्यंत बाह्या सारून खळीत उभे राहिलात, एखादा सरदार हौदात उतरावा तसे. मग मी हसायचा थांबलो. तुम्ही हळूच म्हणालात, "मालकाला नगा सांगू, मास्तर. गावात ग्येलो तर आंधळा म्हणून वट्यावर बसवत्याल. हितं पडद्यामागं समदीच आंधळी." मी सांगितलं नाही. पण कुणकुण मालकांपर्यंत गेलीच होती. सांगलीला निघण्याआधी त्यांनी सगळ्यांसमोर बजावलं, की तिथे एक जरी पडदा चुकला तर आबांना माणात पोचवायचं. तुम्ही सुतळीची गाठ मारत होतात. गाठ मारून झाली तरी मान वर केली नाही.

त्यानंतर तुम्ही मला जे शिकवलंत ते कोणत्याही पुस्तकात नव्हतं. पदाकडे कान द्यायचा नाही, लोकांकडे द्यायचा. पद संपतं तेव्हा जमिनीवर बसलेले लोक काय करतात? पायांची घडी मोडली, चिवड्याचा पुडा उलगडला, तर पडदा सोडा. सगळे श्वास धरून बसले असतील तर हात बांधून उभे राहा, वन्समोअर येणार. "आणि माझा हात तुमच्या पाठीवर हाय. मी थापटल्याबिगर सोडायचा न्हाई." मी म्हणालो, "पण आबा, नाटकात प्रवेश तिथेच संपतो." तुम्ही म्हणालात, "नाटक तुमास्नी पाठ हाय. लोकास्नी कुठं पाठ हाय?"

त्या दुपारी पद संपलं. पुस्तकात त्याखाली आडवी रेघ आहे आणि पुढे लिहिलं आहे : पडदा. मला ती रेघ डोळ्यांसमोर दिसली. तुमचा हात पाठीवर स्थिर होता. मी दोर सोडला.

बांबू मुकुटावर लटकतो आहे. लोक हसायला लागले आहेत. गायकनट वर बघतात, एक पाऊल पुढे सरकतात आणि तेच पद पुन्हा उचलतात. आणि तुम्ही सोललेल्या हातांनी तो पडदा त्यांच्या मागे इंचाइंचाने खाली सोडू लागता, तानेबरोबर थांबत, समेबरोबर सोडत. राजवाडा हळूहळू नाहीसा होतो. पद संपतं तेव्हा राजा भर रस्त्यात एकटा उभा आहे. टाळ्या थांबेनात. पुढे कंपनीने तो प्रवेश कायम तसाच केला. सांगलीत लोक म्हणायचे, काय कल्पना आहे.

मध्यंतरात मालक मागे आले. "लोकांना कळलं नाही म्हणजे मला कळलं नाही असं समजू नका. कोणी सोडला?" मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "दोर झिजलाय मालक, निसटला." मालकांनी तुमच्या डोळ्यांत रोखून पाहिलं. "आबा, खरं सांगा, समोर काय दिसतं?"

"तुमी दिसताय. तुमी हुबं ऱ्हायल्यावर त्याच्या पल्याड काय दिसायचं?"

मालकांच्या पोटाचा घेर सगळ्यांना माहीत होता. प्रधान आणि दासी विंगेत तोंड दाबून हसत होते. मालकही हसले, पण जाताना म्हणाले, "सकाळी बोलू." आणि मी गप्प राहिलो. पेटीतली वही मला आठवत होती. तुम्ही तळव्यांना खोबरेल लावून घेतलंत, वर चिंधी बांधायला हात माझ्यापुढे केलेत आणि म्हणालात, "आवळून बांधा मास्तर, अजून दोन अंक हायती."

पुढे मी दोन-तीन ठिकाणी भाषणांत ही हकिगत सांगितली. दर वेळी दोर निसटला असं म्हणालो. लोकांना ते आवडतं. हे पत्र पाठवायचं तरी कुठे? तुम्ही असतात तरी ते मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि एक ओळ मी वाचताना गाळली असती. ती इथे लिहितो. पुढे मालकांनी माझी वही परत केली तेव्हा नाटक पसंत पडलं नाही असं तुम्हाला वाटलं. माझी समजूत घालायला तुम्ही मला भजी खिलवलीत. मी ती खाल्ली आणि खरं सांगितलं नाही. त्यांनी ती वाचलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रंगमंचामागे आलो. तुमचे दोन्ही पंजे चिंध्यांत होते. तुम्ही एकेका दोराशी थांबून गोंडा, चिंधी गालाला लावून पाहत होतात आणि पुटपुटत होतात : अरण्य, राजवाडा. मी मालकांच्या खोलीकडे गेलो, दोर कोणी सोडला ते सांगायला.