गयाबाईची पोटरी

अंबड, ९ सप्टेंबर २०२४

चि. आकांक्षास सोमेश्वरकाकाचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुमच्या होस्टेलात मोबाईल जमा करतात म्हणून कागद घेतला. तुझ्या प्राचार्यबाईंचा फोन आल्ता. भर राउंडमध्ये मोठ्या डॉक्टरला उलटून बोललीस म्हणे. नर्सिंगचं दुसरं वर्ष सरलं न्हाई आणि सर्जनला शिकवून राह्यलीस? तुला तिथं पट्ट्या बांधायला ठेवलंय, पेशंटची वकिली करायला न्हाई. मी कोर्टात अठ्ठावीस वर्षं कारकुनी केली, साहेबापुढं कधी तोंड उघडलं न्हाई. माफीनामा लिही अन् मोकळी हो.

काकू खुशाल. बोललो ते मायेपोटीच.

तुझा काका

जालना, १३ सप्टेंबर

ती. काकांस सा. न.

प्राचार्यबाईंनी निम्मंच सांगितलं. गयाबाई म्हणून भोकरदनकडची म्हातारी, खुब्याचं ऑपरेशन झालेलं. तीन दिवस सांगून राह्यली, पोरी, पोटरी ठणकती. सर्जनसाहेब कॉटपाशी अर्धा मिनिट उभे राहणार, तेही मोबाईल बघत. म्हणाले, फुकटचं जेवण गोड लागतं हिला, घरी पाठवा. मी मोजपट्टी लावली. डावी पोटरी उजवीपेक्षा चार सेंटिमीटर जाड. तसं सांगितलं, तर म्हणाले, तुला डॉक्टर व्हायचंय का? मी म्हणलं, न्हाई सर, तुम्ही व्हा.

एवढंच माझं उलटून बोलणं.

मंग ड्यूटीवरच्या शिकाऊ डॉक्टरला हाताला धरून आणलं. सोनोग्राफीत रक्ताची गुठळी निघाली. ती छातीत गेली असती तर बाई घरी पोचली नसती. संध्याकाळी हेच साहेब तिच्या मालकाला, पुंजारामबाबांना सांगत होते, मी वेळेवर पकडलं. बाबा पाया पडले. साहेबांनी खुशाल पडू दिलं.

माफीनामा लिहिला: ‘गयाबाईंचा पाय मोजला, याची क्षमा असावी. तो सुजलेला निघाला, याचीही.’ प्राचार्यबाईंनी फाडला. महिनाभर वॉर्डबंदी, अवजारं धुवून राह्यले. गयाबाईची सूज मात्र उतरली.

रागवा, पण नातं तोडू नका.

आपली आकांक्षा

अंबड, १८ सप्टेंबर

चि. आकांक्षास आशीर्वाद.

बाईंचा परत फोन आल्ता, पोरीला आवरा म्हणून. मी म्हणालो, आधी डॉक्टरला पेशंटचा पाय बघायला शिकवा. अन् फोन ठेवला. लगेच कागद घेऊन बसलो.

शनिवारी येतो. वॉर्डबंदीविरुद्ध वरच्या साहेबांच्या नावे अर्ज केलाय, खाली गयाबाईचा अंगठा घ्यायचाय. तीनदा लिहिला. ‘नम्र विनंती’ कुठंच बसेना, शेवटी गाळली.

काका