आधी आशीर्वाद, मग परीक्षा

वॉशिंग्टन हाइट्स, न्यूयॉर्क
५ जानेवारी २०१४

ती. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हे पत्र. तुझ्या नातीची, दारिएलाची, अठरा तारखेला परीक्षा आहे. इथल्या सरकारी शाळांत हुशार मुलांचा वेगळा वर्ग असतो, त्यासाठी अर्ज भरलाय. हो, चार वर्षांच्या पोरीची परीक्षा. हसू नकोस. सलूनमध्ये माझ्याकडे केस सरळ करून घेणाऱ्या एका बाईंनी मुलाला शिकवणी लावली आहे; तो अंगठा चोखत चोखत आकृत्या ओळखतो म्हणे. आम्ही जुनं पुस्तक आणलंय. आधीच्या मुलानं लिहिलेली उत्तरं मी खोडत बसते. काही चुकलेली आहेत, तेवढाच धीर येतो.

पण आई, आमच्या गल्लीतल्या शाळेत मी नवव्या वर्षी आले, तेव्हा इंग्रजी येत नाही म्हणून मला मागे बसवून रंगवायला चित्रं दिली होती. दोन वर्षं मी रंगवत होते. तिला तिथे घालायचं नाही मला.

लोभ आहेच, या महिन्यात जरा जास्त असू दे.

तुझी,
योकास्ता

मोका, डोमिनिकन रिपब्लिक
११ जानेवारी

चि. योकास्तास,
अ. उ. आ.

चार वर्षांची असताना तू माझ्या बुटात कोंबडीची अंडी लपवायचीस. त्याचे कुणी गुण दिले नाहीत. असो. पोरीला उपाशी नेऊ नकोस. वेण्या सैल घाल, घट्ट वेणीत डोकं चालत नाही. मुख्य ते मी तिला फोनवर पढवलंय: मोठ्या माणसासमोर गेलं की आधी ‘आशीर्वाद’ म्हणायचं, आणि समोरून ‘देव तुझं भलं करो’ येईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. नाहीतर म्हणतील, न्यूयॉर्कात जन्मलेली, वळण कुठलं असणार! तिनं तीनदा बिनचूक म्हणून दाखवलं. परीक्षा कशाला हवी गं?

माया आहे म्हणून बोलते, ऐकत जा.

तुझी आई,
एनेइदा

न्यूयॉर्क
१२ एप्रिल

ती. आईस,
सा. न. वि. वि.

निकाल आला. नव्वद हवे होते, एकतीस पडले. मग मी दारिएलाला खोदून विचारलं. आत जाऊन ती ‘आशीर्वाद’ म्हणाली. परीक्षक बाईंना आपली स्पॅनिश कुठली येणार? त्यांनी हसून चित्रं पुढे ठेवली. ही हाताची घडी घालून उभी. पुन्हा ‘आशीर्वाद’. शेवटी बाईंची दया येऊन तिनं चार-दोन चित्रांवर बोट ठेवलं. बाहेर येऊन बाई मला म्हणाल्या होत्या, गोड आहे, जरा लाजते. दारिएलाचं म्हणणं असं, की बाईच कच्च्या होत्या. कितीदा विचारलं तरी त्यांना उत्तर येईना.

तुझ्यावर मी चार दिवस रागावले होते. सप्टेंबरात ती गल्लीतल्याच शाळेत जाईल. पुढच्या वर्षी परीक्षा पुन्हा देता येते. म्हणून परवा तिला समजावलं, की यापुढे आशीर्वाद मागायचा नाही. एकदाच सांगितलं. काल तुझा फोन आला तेव्हा ती नुसतं ‘हॅलो’ म्हणाली. पलीकडे तू थांबून राहिलीस, ते मला कळत होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, बरोबर आलं का, अशा नजरेनं.

मी मान डोलावली, आई.

आशीर्वाद असावा. तिच्या वाट्याचाही मीच मागते आहे.

तुझी,
योकास्ता