नातीच्या पायांची नावं

दादा, तुमची थोरली लेक लिहितीय. तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि माझी शाळा चौथीतच सुटली, म्हणजे शुद्धलेखनाचं भ्या दोघांनाबी न्हाई. नात फुटबॉल खेळती हो आपली! माझ्या धाकट्या लेकाची पोरगी, तुम्ही गेल्यावर लई वर्षांनी जन्मलेली. गुडघ्यापर्यंत मोजे, पायात खिळ्यांचे बूट, आणि मी मैदानाच्या कडेला डबा धरून. शेजारीण म्हणाली, "आत्याबाई, पोरीला चड्डीवर पळवता व्हय?" म्या म्हणलं, "तुला पळता येत असंल तर तूबी ये की."

तर सांगायचं राहिलंच. गेल्या साली पळता पळता तिची डावी मांडी मागनं धरली. किती दिवस लंगडत होती. बापानं तवाच सांगून टाकलं, "परत पाय धरला तर बूट चुलीत घालीन." पोरगी त्या दिवशी जेवली न्हाई. तवापासून त्यांच्या मॅडम खेळाआधी अंग तापवून घेतात. मला वाटायचं, आधीच दमवून काय मिळतंय? मॅडम म्हणाल्या, "आजी, गार पायानं जोरात पळालं की मांडी धरते. आणि एका जागी उभं राहून ताणत बसायचं नाही, हलत हलतच अंग मोकळं करायचं." आधी सावकाश पळणं, मग आडवी पावलं, टाच मागं कमरेला, गुडघा छातीला, पाय झोपाळ्यासारखा झुलवणं, आणि शेवटाला थोडं जोरात धावणं. बघता बघता मी लहानपणीच्या आपल्या अंगणात पोचले. मी चुलीपाशी बसलीय, अजून तांबडं फुटलेलं न्हाई, ढोकीच्या कारखान्याला उसाची गाडी जायची हाय, आणि तुम्ही बैलांना रिकामंच फिरवताय. आधी हळू, मग वळणं घेत, मग जरासं पळवत. मांडीला तळहात लावून ऊब लागल्याबिगर तुम्ही जू ठेवत न्हाई.

एकदाच मुकादमानं घाई केली म्हणून गार बैल जुंपले, आणि चढाला डावा बैल बसला तो बसलाच. त्यानंतर दोघांचीबी नावं तुम्ही तोंडात घेतली न्हाईत. आम्हाला घेऊ दिली न्हाईत.

आता ऐका. थंडीतल्या एका सकाळी मैदानावर धुकं होतं. नात एकटीच कडेनं पळत होती आणि कुणाशी तरी बोलत होती. जवळ आली तवा कळलं, पायांशी बोलतीय. "चल रं, सावकाश." उजव्या पायाला तुमच्या उजव्या बैलाचं नाव, डाव्याला डाव्याचं. सर्जा-राजा असली चारचौघांतली नावं असती तर म्या हसून सोडलं असतं. ती तर तुम्हीच पाडलेली, दुसऱ्या कुणाच्या गोठ्यात नसतील अशी. आणि आमच्या घरी ट्रॅक्टर. पोरीनं जू बघितलेलं न्हाई.

"ही नावं कुठनं आणलीस गं?"

"आली तोंडात, आजी. त्या नावानं म्हणलं की ऐकतात."

भ्या वाटायला पायजे होतं. पण मला इतका आनंद झाला, दादा, की डबाच हातातनं निसटला. भ्या नंतर वाटलं, त्या डाव्या पायाचं.

मग धाराशिवची मॅच आली. आमचा टेम्पो वाटेत बंद पडला. पोचलो तर समोरच्या पोरी तयार, पंच घड्याळ बघतोय. मॅडमसुद्धा ओरडल्या, "बूट घाला, सरळ आत चला!" नात जागची हलली न्हाई. "मॅडम, मला मागनं उतरवा. हा अजून गार हाय."

"हा कोण?"

पोरगी वाकून डावी मांडी चोळाया लागली. मॅडमनी चिडून दुसरीला पाठवलं. अर्धा खेळ होईस्तवर ही कडेनं फिरत होती, ओठ हलत होते, आणि एका पोरीच्या पायानं उडावी त्याहून जास्त धूळ तिच्या मागं उठत होती. शेजारच्या बाईला म्हणलं, "दिसतंय का?" ती म्हणाली, "वारं सुटलंय." कोपऱ्यावरचा झेंडा तर लुळा पडलेला होता.

शेवटी उतरली. काय पळाली म्हणून सांगू! गोल दुसरीनं मारला, पण चेंडू तिथवर नेला तो हिनं. पाय धरला न्हाई. बापाला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "बूट पुसून ठेव म्हणावं."

हे पत्र टाकायला पेटी कुठली? राहील माझ्यापाशीच. एवढं मात्र सांगते, कुणाला सांगितलेलं न्हाई. येताना टेम्पोत ती माझ्या मांडीवर पाय टाकून गाढ झोपली. म्या तिच्या डाव्या मांडीला तळहात लावला. ऊन होती. कुणाचं लक्ष न्हाई बघून तुम्ही बंद केलेलं नाव हळूच घेतलं. पोरगी हलली न्हाई. कातडं तेवढं थरथरलं, माशी बसल्यावर बैलाचं थरथरतं तसं.

मग म्या आणखी एकदा घेतलं.