लांडग्याच्या वाट्याची राखण

प्रिय आबा,

पुढच्या आठवड्यात तुमचं वर्षश्राद्ध. सगळी भावकी जमेल, पंगत बसेल आणि नामदेव भावजी तुमच्या फोटोला हार घालता घालता माझी चहाडी करतील. त्याआधी मीच सांगून टाकते. गेल्या महिन्यात माळावर मी तुमचा नियम मोडला. लांडग्याचा वाटा ठेवल्यावर मी मागे वळून बघितलं!

रागावू नका. म्हणजे रागवा, पण आधी ऐकून घ्या. सुनेचं पूर्ण ऐकून घेतल्याशिवाय तुम्ही कधी बोलला नाहीत, ती सवय तिकडे गेल्यावर सुटली नसेल अशी आशा आहे. तुम्हाला वाचता येत नव्हतं हे मला माहीत आहे. पण तिकडे कुणी ना कुणी शिकलेला भेटेलच, त्याच्याकडून वाचून घ्या. आणि तो वाचत असताना तंबाखू मळत बसू नका.

आठवतं का, मी तुमच्या घरात आले तेव्हा मला काय येत होतं? माझं माहेर तलवाड्याकडचं, ऊसतोडीला जाणारं. कोयता कसा धरायचा ते मला येत होतं, मेंढी कशी धरायची ते नाही. तुमच्या चिरंजीवांना मेंढरांमागे फिरण्यापेक्षा मांजरसुंब्याच्या ढाब्यावर पोळ्या भाजणं बरं वाटत होतं, अजूनही वाटतं. मग तुम्ही एक काळ्या कानाची कोकरी माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "ही तुजी. चल माळावर." सासऱ्याकडून सुनेला असा दागिना कुणी दिला असेल का हो?

त्याच थंडीत भरदुपारी लांडगा आला. आपल्या वाघ्या कुत्र्याची आई भुंकायला लागली तेव्हा तो एक कोकरू मानेला धरून ओढत होता. मी काठी घेऊन ओरडत धावले. तो कोकरू टाकून पळाला, पण कोकरात जीव उरला नव्हता. मी ते उचलून छातीशी धरलं आणि मोठा पराक्रम केल्यासारखी तुमच्यासमोर येऊन उभी राहिले. तुम्ही एकदा कोकराकडे बघितलंत, एकदा माझ्याकडे.

"जित्तं हाय तवर सोडवायचं," तुम्ही म्हणालात. "मेलं की त्येचं. ठिव माघारी."

मी ते बोरीखाली नेऊन ठेवलं. तुम्ही कमरेच्या पिशवीतून चिमूटभर हळदीचा भंडारा काढून मातीवर टाकलात आणि पाठ फिरवलीत. मी वळून बघणार तेवढ्यात तुमचा आवाज आला, "मागं बघू नगंस!"

"कावून, आबा?"

"कुनाला जेवाय वाढल्यावर त्येच्या ताटाकडं बघत्यात व्हय?"

मला केवढं हसू आलं होतं! लांडग्याला पाहुण्यासारखं वागवणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. पण पुढे तुमच्यामागून माळ तुडवता तुडवता मला ते पटत गेलं. हा माळ त्याचाही आहे, तो ससे, उंदीर खाऊन राहतो, अडलं तरच मेंढीकडे येतो, असं तुम्ही सांगायचात. तो म्हातारी, आजारी मेंढी आधी ओळखतो आणि कळपात रोग पसरू देत नाही, असंही. सगळं खरं होतं, आबा. तुमचा एकच भाग चुकला. तो मागे न बघण्याचा.

सोनी माझ्या पोटात होती ते वर्ष आठवा. तुम्ही ओढ्याच्या वळणावर एक मेलेली मेंढी त्यांचा वाटा म्हणून ठेवली होतीत. काही दिवसांनी आपण तिथे परत गेलो तर काय दिसलं? कावळे मरून पडलेले. एक खोकड. आणि पाण्याच्या कडेला, तोंड पाण्याकडे करून, दोन लांडगे. तुम्ही खाली बसलात. मग म्हणालात, "रोगाची साथ आली, पोरी."

ती रोगाची साथ नव्हती. त्या मेंढीला येत होता तोच उग्र वास पुढे एकदा कापूस फवारताना आला, तेव्हा मला कळलं. कुणीतरी तुमच्या पाठीमागे येऊन त्या मेंढीवर कापसाच्या फवारणीचं औषध ओतलं होतं. कोण, ते मला आजही माहीत नाही. तुमच्या मनाला ती शंका शिवली नाही, कारण वाढलेल्या ताटात कुणी विष कालवेल असं तुम्हाला सुचणंच शक्य नव्हतं. तुमचा हा चांगुलपणा मला फार आवडायचा आणि त्याचाच मला फार रागही येतो. एकदा, फक्त एकदा मागे बघितलं असतंत तर?

त्यानंतर माळ मुका झाला. तुम्ही मात्र मेलेलं कोकरू दर वेळी त्याच बोरीखाली ठेवत राहिलात आणि गावातली कुत्री ते खाऊन जात राहिली. मग तुमच्या शेवटच्या थंडीत एका पहाटे टेकडीकडून लांबलचक हाक आली. तुम्हाला अंथरुणातून उठवत नव्हतं, तरी तुम्ही हाताने मला गप्प राहायला सांगितलंत. ऐकलंत आणि रडलात. "आली गं," म्हणालात, जशी काही तुमची लेकच माहेरी आली होती.

तर आता गेल्या महिन्याचं सांगते.

माळ आता तुम्ही बघितला होतात तेवढा राहिलेला नाही. रस्त्याकडच्या बाजूला तारेची कुंपणं आलीत, कुसळी गवत उपटून नांगरट झालीय, मुरूम उकरून उकरून टेकडीची एक कड बसलीय. ससा दिसला तर पोरं फोटो काढतात, इतका दुर्मीळ झालाय. म्हणून लांडगी आता मेंढरांजवळ येते. टेकडीत तिची पिल्लं आहेत. मी त्यांना ऊन खाताना लांबून बघितलंय, मातीच्या रंगाची, सारखी एकमेकांच्या अंगावर पडणारी.

त्या दिवशी नामदेव भावजींचा आणि माझा कळप एकत्र चरत होता. दुपार कलताना लांडगीने भावजींची गाभण मेंढी पाडली. आम्ही पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. भावजींनी डोक्यावरचा पटका काढून जमिनीवर आपटला. तुमच्या पुतण्याचा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे, तडकला की तडकला. तरी मी तुमच्या पिशवीतला भंडारा काढला, मातीवर टाकला आणि म्हणाले, "चला भावजी."

"तुमी व्हा पुढं, वैनी. मी मांजरसुंब्याला जाऊन च्या पिऊन येतो."

मी दोन्ही कळप वळवून निघाले. मागे बघायचं नाही म्हणून बघितलंही नाही. पण थोडं पुढे गेल्यावर ध्यानात आलं, वाघ्या बरोबर नाही. मेंढरं सोडून वाघ्या मागे राहील? मी हाक मारली. आला नाही. दुसऱ्यांदा हाक मारली. मग माझी मान आपोआप वळली, आबा. ओढ्याकाठचे ते लांडगे माझ्या डोळ्यांसमोर होते की काय, मला माहीत नाही. पण वळली.

भावजी चहाला गेलेच नव्हते. मेंढीजवळ उकिडवे बसले होते आणि हातात फवारणीच्या औषधाची बाटली होती. आदल्या दिवशी शेतावरून घरी न्यायची म्हणून त्यांच्या झोळीत पडून होती ती. वाघ्या शेजारी शेपूट हलवत उभा.

मी धावले. माझा आवाज चढला की ढाब्यावर तुमच्या चिरंजीवांच्या हातातली पोळी करपते, असं तुम्हीच म्हणायचात ना? त्या दिवशी पोळ्यांची अख्खी चळत करपली असेल!

"हे काय करायलाव, भावजी?"

"माजी गाभण मेंढी गेली वैनी! तुमचं काय जातंय? आज हिचा निकालच लावतो."

"तिची पिल्लं हायेत टेकडीत."

"मंग त्येंचा बी लागंल. बरंच हाय की!"

"आन हा वाघ्या? सगळ्यांच्या आदी ह्योच तोंड घालील."

"बांधून ठिवतो त्याला."

"कावळे बांधून ठिवणार? घारी? खोकडं? ओढ्याकाठी काय झालतं, इसरलाव का?"

भावजींनी मान वर केली. "त्यो रोग हुता. आबा म्हनले हुते."

"आबांनी कदी मागं बघितलंच न्हाई, भावजी. त्येंला कळणार कसं?"

मी असं म्हणाले, आबा. तुमच्याबद्दल, तुमच्या पाठीमागे. मला लागलं ते. पण खोटं नव्हतं.

भावजींच्या डोळ्यांत पाणी आलं. बाटलीचं बूच अजून उघडलेलं नव्हतं. मी ती काढून घेतली तेव्हा त्यांनी ओढाताण केली नाही. नुसतं म्हणाले, "लई जीव लावला हुता वैनी त्या मेंढीला. लेकरावानी." आणि मला कळलं की हा माणूस दुष्ट नाही. त्याचं नुकसान झालंय आणि ते त्याने एकट्याने सोसावं असं आपण सगळ्यांनी धरून चाललोय. लांडग्याचा वाटा सगळ्या माळाचा, पण मेंढी मात्र एकाचीच जाते. हे तुमच्या नियमात कुठे होतं? सांगा ना!

मग मी कळपात शिरले आणि काळ्या कानाची मेंढी धरून आणली. तुम्ही मला दिलेल्या कोकरीच्या वंशातली ती, तसेच कान, तसाच हट्टी स्वभाव. गाभण होती. दोर भावजींच्या हातात दिला.

"ही आबांची हाय," मी म्हणाले. "आता तुमची."

सोपं गेलं असं समजू नका. दोर हातातून सोडताना माझी मूठ उघडेना. ती मला दागिन्याहून जवळची होती, तुम्हाला ठाऊक आहे. पण दागिना मोडायचा तो अशाच वेळी ना?

भावजींनी तिच्या पाठीवर हात फिरवला, फिरवतच राहिले. मग म्हणाले, "वैनी, आपुन गेलो आन दुसरं कुनी आलं तर?"

हा प्रश्न त्यांनी विचारला, मी नाही! म्हणून आम्ही दोघं, मेंढरं आणि वाघ्याला धरून, लांबच्या उंचवट्यावर बसून राहिलो. जन्मभर मेंढ्या लांडग्यापासून राखणारी आपण माणसं, आणि त्या दिवशी लांडग्याचं जेवण माणसांपासून राखत होतो! तुम्ही बघितलं असतंत तर खोकला येईपर्यंत हसला असतात.

सूर्य टेकडीला टेकताना ती आली. थांबली, आमच्याकडे बघितलं, मग खायला लागली. अंगावरची हाडं मोजता येत होती, थानं लोंबत होती. भरभर खाल्लं आणि टेकडीकडे निघाली. पिल्लांपुढे जाऊन ती ते ओकून काढते, हे तुम्हीच मला सांगितलं होतंत.

"लई वाळलीय वैनी," नामदेव भावजी हळूच म्हणाले. बास. तेवढंच. मला तेवढं पुरलं.

पुढच्या चतुर्थीला लिंबागणेशच्या देवळात आरती झाल्यावर आपल्या वस्तीवरचे सगळे मेंढके पारावर बसले. बोलले कोण, तर नामदेव भावजी! ज्याची मेंढी लांडगा नेईल त्याला बाकीच्यांनी पाळीपाळीने कोकरू द्यायचं. मेलेल्या जनावराला औषध कुणीही लावायचं नाही. आणि वाटा ठेवला की कुणीतरी लांब बसून राखण करायची. काहींनी कुरकुर केली, एक-दोघं उठूनही गेले. पण जे बसले होते त्यांनी भंडारा उचलून शपथ घेतली. जे उठून गेले तेही येतील, मी त्यांना ओळखते.

आता माझा शब्द ऐका. टेकडीचा मुरूम उकरायला मशीन पुन्हा येणार आहे असं कानावर आलंय. येत्या ग्रामसभेत सगळ्यांच्या आधी मी उभी राहणार, आणि आपल्या वस्तीवरच्या बाया माझ्यामागे. ती टेकडी उकरू देणार नाही. गवत पेटवू देणार नाही. सोनीला तुमचा भंडारा कसा टाकायचा ते शिकवीन, पण पाठ फिरवल्यावर मागे बघायचंही शिकवीन. लांडगा जेवतो की नाही ते बघायला नव्हे. त्याच्या ताटाला कुणी हात लावत नाही ना, ते बघायला.

परवा भावजींकडे काळ्या कानाची मेंढी व्याली. कोकरी झाली, तिचेही कान काळेच. भावजी ती मला परत द्यायला आले होते. मी घेतली नाही. म्हटलं, पुढच्या वेळी लांडगा ज्याची मेंढी नेईल त्याला द्या.

आणि आबा, एक राहिलंच. माळ सोडून तुम्ही गेलात खरे, पण आत्ता तिकडून आम्हाला बघत असालच. बोरीखाली वाटा आहे का, लांडगी आली का, सून काय करतेय. म्हणजे मागे वळून तुम्हीही बघताच आहात की! मग मला कशाला बोलता?

तुमची सून,
मंगल